ओपनरची ट्रायल

“आधी जॉब बघा, मग हत्यार उचला.”

जॉब म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू. आमचे साहेब हे वाक्य बोलायचे तेव्हा त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असायचा. डाव्या हाताने समोरची वस्तू उचलायची, डोळ्यांजवळ नेऊन फिरवायची आणि खाली ठेवायची. मशीनवर कातलेला पार्ट असो की कॅन्टीनमधला बटाटेवडा, तपासणी तीच. असे मालक तुम्हीही भोसरीत पाहिले असतील. फिटर म्हणून अंबाजोगाईहून यायचं, चौघांत एक खोली घेऊन राहायचं, आणि केस पिकेपर्यंत भोसरीत कारखान्याचं एक शेड, महाळुंग्यात दुसरं. त्यांच्यात आमचे साहेब उठून दिसायचे ते त्या खिशातल्या हातामुळे. आम्हाला ती त्यांची ऐट वाटायची.

मी त्यांच्याकडे खरेदी बघायचो आणि उरलेल्या वेळात त्यांची नक्कल करायचो. उजवा हात खिशात, डाव्या हातात वडा, आणि आवाज घशातून काढून, “ह्याचं सेंटर कुठाय, राव?” कॅन्टीन हसायचं. एकदा कॅन्टीन हसलंच नाही, म्हणून मी मागे वळून पाहिलं. साहेब उभे होते.

“खांदा जरा खाली पाहिजे,” ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “वाइनची बाटली उघडायचं हत्यार लागतंय. जेवढे प्रकार मिळतील तेवढे आणा. आणि ट्रायलला बाटल्या.”

“साहेब, ओपनर एक आणला तरी चालेल की.”

“ट्रायल न घेता आपण ड्रिलसुद्धा घेत नाही.”

मग त्यांनी मानेने कपाटाकडे खूण केली. कपाटात रिबीन बांधलेली एक लाकडी पेटी वर्षानुवर्षं पडून होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आमच्या सर्वांत मोठ्या जर्मन गिऱ्हाइकाने पहिल्या ऑर्डरच्या वेळी दिलेली. देताना तो म्हणाला होता, मी पुन्हा येईन तेव्हा तू स्वतःच्या हाताने उघड, मग पिऊ. आता तो येणार होता. त्याचा जुना पार्ट बंद होत होता आणि नवा कुणाला द्यायचा ते तो डोळ्यांनी बघून ठरवणार होता. महाळुंग्याचं अख्खं शेड त्याच्या एका पार्टवर चालायचं. शिवाय चाकणमधल्या कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं की म्हातारा थकलाय, शेड विकून गावी जाणार.

“मशीनला आता माझा हात लागत नाही,” साहेब म्हणाले. “पण गिऱ्हाईक हात बघूनच काम देतं. बाटली मीच उघडणार.”

भर दुपारी वाइन शॉपमधून खळखळणारी पिशवी घेऊन बाहेर पडलो, तर समोर शेअर रिक्षातून माझे सासरे उतरत होते. “कंपनीचं काम आहे,” मी म्हणालो. “हो का,” ते म्हणाले. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते माझ्याशी ‘हो का’च्या पलीकडे बोलले नाहीत.

ट्रायल इन्स्पेक्शनच्या खोलीत, दार लावून. पहिला ओपनर साधा, आडव्या मुठीचा. मी स्क्रू बुचात फिरवला, बाटली गुडघ्यांत धरली आणि ओढली. बूच निघालं, त्याच्याबरोबर मीही निघालो आणि मागच्या कपाटावर आदळलो. शर्टावर लाल डाग, खोलीत वास. “रिजेक्ट,” साहेब म्हणाले. बॅटरीवरचा ओपनर अर्ध्यात घरघरून थांबला. मी तो चार्ज केलाच नव्हता. “हत्यार रिजेक्ट नाही,” माझ्याकडे बघत ते म्हणाले, “ऑपरेटर रिजेक्ट.”

तिसरा होता वेटर लोक वापरतात तो, चाकूसारखा घडी होणारा. तो त्यांनी स्वतः हातात घेतला आणि मला म्हणाले, “तुम्ही जरा चहा सांगून या.”

चहा सांगून परत आलो तर दाराच्या काचेतून दिसलं. त्यांचा उजवा हात खिशाबाहेर होता. स्क्रूचं टोक बुचावर टेकवायचा ते प्रयत्न करत होते आणि टोक बुचावर येतच नव्हतं. बाटलीच्या तोंडावर ते नाचत होतं. टिक टिक टिक, काचेवर. साहेबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरीही टिक टिक.

मी दारातच उभा. त्यांनी वर पाहिलं.

“पाहिलंत?”

“काय, साहेब?”

“छान. कुणीही विचारलं तर हेच उत्तर द्या.”

त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये माझी नक्कल बंद झाली. लोकांनी आग्रह केला. मी सांगितलं, घसा बसलाय.

चौथा ओपनर दोन पंखांचा. त्याची घंटेसारखी चौकट बाटलीच्या तोंडावर टोपीसारखी बसते, आणि आतला स्क्रू आपोआप बुचाच्या मधोमध येतो. वरची मूठ फिरवली की दोन्ही पंख वर उठतात. मग दोन्ही हातांनी ते खाली दाबायचे, बूच वर येतं. साहेबांनी तो बसवला, तळवा मुठीवर टाकला आणि सगळा भार देऊन फिरवला. हाताला धरायला काहीतरी मिळालं की थरथर दबायची.

“ह्याला जिग आहे, टोक आपोआप जागेवर नेणारा,” ते म्हणाले. “हा पास.”

मग रोज जेवणानंतर दार लावून सराव. एकच बाटली. त्यांनी बूच काढायचं, मी लाकडी हातोडीने परत ठोकायचं. बुचाची चाळण झाली. साहेबांचा वेग वाढला, चेहऱ्यावर जरा रंगही आला. लिटमसचा कागद बघावा तसा मी त्यांचा हात बघत असायचो: आज किती, काल किती. पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बूच असं काढलं की मीच टाळी वाजवली. दारू तोंडाला न लावता एवढं कसब मिळवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पाहुणा ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला. उंच, पांढऱ्या भुवयांचा, कमी बोलणारा. शेड फिरून झालं. मीटिंगच्या खोलीत आम्ही तिघंच. टेबलावर पेटी, तीन ग्लास, आणि पुसून चकचकीत केलेला पंखांचा ओपनर. पाहुणा ओपनरकडे बघून साहेबांकडे बघायला लागला. साहेबांचा हात खिशात.

मी रिबीन कापली. झाकण उघडलं. बाटली काढून साहेबांसमोर ठेवली.

तिला बूच नव्हतं.

फिरकीचं पत्र्याचं झाकण होतं. सरबताच्या बाटलीला असतं तसं. इतके दिवस आम्ही चार ओपनर तपासले, बाटल्या संपवल्या, मी सासरे गमावले, आणि पेटी उघडून बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. साहेबांनी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ओठ न हलवता मराठीत म्हणाले, “आधी जॉब बघा.”

हसायला हवं होतं. पण त्यांनी उजवा हात बाहेर काढला होता.

बोटं झाकणाला लागली आणि ते वाजायला लागलं. पत्रा काचेवर, काच टेबलावर. झाकण पकडीत येईना. पाहुण्याची नजर हातावर गेली आणि तिथून हलली नाही. मी खोकलो, खुर्ची सरकवली, आवाज झाकायला जे सुचेल ते केलं. साहेबांनी हात परत खिशात घातला नाही. वाजू दिला. मग बाटली माझ्याकडे सरकवली.

“तुम्ही उघडा.”

मी जोर लावला. झाकण फिरलं, पण त्याच्या खालची पत्र्याची नळीही त्याच्याबरोबर गोल फिरली. उघडत काहीच नव्हतं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. वाटलं, गेलं शेड, सगळं माझ्या हातातून फिरत फिरत चाललंय.

“थांबा,” साहेब म्हणाले. “झाकण नका फिरवू. मी वरनं आवळतो. तुम्ही खालची नळी घट्ट धरा आणि बाटली फिरवा.”

त्यांनी उजवी मूठ झाकणावर आवळली, पांढरी पडेपर्यंत. आवळलेली मूठ थरथरत नव्हती. मी नळीसकट बाटलीची मान धरली आणि फिरवली. बारीक टकटक झाली, पत्रा तुटला, झाकण त्यांच्या मुठीत राहिलं. मी तिन्ही ग्लास भरले.

पाहुण्याने विचारलं, हे कोण?

“पुढच्या खेपेला तुम्ही आलात की हे भेटतील,” साहेब आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाले.

त्यांच्या जागी मी येणार, हे मलाही त्याच क्षणी कळत होतं. पाहुण्याने मग नव्या पार्टचं ड्रॉइंग काढून माझ्यापुढे पसरलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन उत्तरं मी साफ चुकलो. साहेब मदतीला आले नाहीत, खिडकीबाहेर बघत बसले. दुसरी चूक मी स्वतःच पकडून सुधारली, तेव्हा पाहुण्याने पहिल्यांदा ग्लास उचलला. वाइनचं व्हिनेगर झालं होतं. तो एक घोट घेऊन म्हणाला, उत्तम आहे. मीही म्हणालो. साहेबांनी ओठ टेकवून ग्लास खाली ठेवला आणि पुटपुटले, “रिजेक्ट.”

काम आमच्याकडे राहिलं.

साहेबांनी महाळुंग्याची केबिन मला दिली आणि हळूहळू येणं कमी केलं. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची मुलगी म्हणाली, केबिनमधलं काही हवं असेल तर ठेवून घ्या. मी ओपनर ठेवला, आणि ती चाळण झालेल्या बुचाची बाटली. ते बूच आता दोन बोटांनी निघतं.

परवा कॅन्टीनच्या दारात होतो तर आतून हशा ऐकू आला. नवा सुपरवायझर माझी नक्कल करत होता. एका हातात वडा, एक हात खिशात. “आधी जॉब बघा, राव.” मला वाटायचं, माझा हात टेबलावर असतो, साहेबांसारखा खिशात नाही. त्याला मी दिसलो आणि हशा थांबला.

मी आत गेलो, चहा घेतला आणि त्याच्या खिशाकडे बघितलं.

“डावा घातलात,” मी म्हणालो. “उजवा पाहिजे.”