काचेआडच्या बाळासाठी दोन लेन्स

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात माझी हयात गेली. दारातून आत येणारं गिऱ्हाईक घ्यायला आलंय की नुसतं हाताळायला, हे मला बहुतेक वेळा चालण्यावरून कळतं. या बाई आल्या तेव्हा मात्र वाटलं, या काहीतरी विकायलाच आल्यात. डाव्या खांद्यावर फुगलेली काळी बॅग, उजवा हात पोटाशी धरलेला आणि बॅगेशी नुकतंच भांडण झाल्यासारखा चेहरा.

"उजव्या खांद्याने राजीनामा दिलाय," बॅग काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. तेव्हा ही धुडं तुम्ही ठेवून घ्या आणि मला काहीतरी हलकं दाखवा."

लग्नाचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. गावातल्या सगळ्या हॉलवाल्यांना त्या माहीत होत्या, पण नावाने नाही. 'हलू-नका मावशी' म्हणूनच. नवरदेव असो, आमदार असो, रडणारं पोर असो, त्या एकाच सुरात "हलू नका" म्हणायच्या आणि माणसं खरोखर थिजायची. त्यांचे यजमान निवृत्त कारकून. ते त्यांना गाडीने हॉलवर सोडायचे आणि लग्न लागेपर्यंत गाडीतच सीट मागे करून झोपायचे. "आमच्या ह्यांनी माझ्याइतकीच लग्नं केलीत, पण एकाही नवरीचं तोंड पाहिलेलं नाही," असं त्या सांगायच्या.

दुसऱ्या भेटीपासून मीही त्यांना मावशीच म्हणू लागलो. आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं, पण त्यांना दुसरी हाक शोभलीच नसती.

पहिल्या दिवशी त्यांना जे हवं होतं ते सरळ होतं. जुन्या कॅमेऱ्यात आत एक आरसा असतो. बटण दाबलं की तो उचलला जातो आणि परत खाली आपटतो. त्याचाच तो 'खटॅक' आवाज. नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नाही, म्हणून ते आटोपशीर आणि हवं तर मुके. मी त्यांच्यापुढे दोन बॉड्या, म्हणजे लेन्सशिवायचे नुसते कॅमेरे, ठेवल्या. एक सगळ्यात नवी, भरभक्कम, सेकंदाला ढीगभर फोटो काढणारी. दुसरी आदल्या पिढीतली, साधी, हातात मावणारी. सोबत लग्नवाल्यांची नेहमीची जोडी: जवळचं टिपणारी एक मोठी झूम लेन्स आणि लांबचं ओढून आणणारी दुसरी, त्याहून मोठी.

त्यांनी लांबची झूम नव्या बॉडीला लावून उचलली, डोळ्याला लावली आणि लगेच खाली ठेवली.

"भाऊ, बॉडी हलकी केलीत आणि लेन्स तेवढीच ठेवलीत. हे म्हणजे माणसाने जेवण सोडायचं आणि दिवसभर फरसाण खायचं."

त्यांचं बरोबरच होतं. आरसा गेला तरी काच तेवढीच लागते, आणि वजन काचेचंच असतं. हे न पाहता लोक बॉडीच्या मागे धावतात आणि महिन्याभराने मान धरून परत येतात. आम्ही बराच वेळ घोळ घातला. शेवटी "आमच्या ह्यांना विचारते, पुढच्या आठवड्यात येते," म्हणत जुनी बॅग परत डाव्या खांद्यावर घेऊन त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा बॅग नव्हती, केस धड विंचरलेले नव्हते. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा सगळ्यात गप्प कॅमेरा कोणता?"

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या आणि मग हळूहळू सांगू लागल्या.

त्यांची एक भाची होती. बहीण लवकर गेली, तेव्हापासून मावशींनीच तिला वाढवलेलं. ही भाची बाळंत झाली, पण फार लवकर, दिवस भरायच्या पुष्कळ आधी. ऑपरेशन करावं लागलं, त्यात तिची तब्येत बिघडली. ती खालच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली आणि बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. आईने बाळाला पाहिलेलंच नव्हतं. जावयांनी सिस्टरची परवानगी काढून मोबाइलवर एक फोटो घेतला आणि बायकोला नेऊन दाखवला.

"मोबाइल अगदी जवळ नेऊन काढलेला," मावशी म्हणाल्या. "डोकं हे एवढं, पाय काडीसारखे, आणि चहूकडे नळ्या, चिकटपट्ट्या, वायरी. तिने पाहिला आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, 'हे माझं वाटतच नाही.' तेव्हापासून ती बाळाबद्दल विचारतच नाही हो."

मग मावशींनी ठरवलं, आपण काढू. हात कोपरापर्यंत धुतले, अंगावर हॉस्पिटलचा झगा चढवला आणि जुना कॅमेरा घेऊन वर गेल्या. तो विभाग अगदी शांत होता. पेट्यांवर जाड कापडं टाकलेली, उजेड मंद. एकदाच बटण दाबलं. खटॅक. पेटीतल्या बाळाने दोन्ही हात एकदम फेकले, जणू कुणी त्याला वरून सोडून दिलंय. शेजारचं यंत्र टुंटुं करू लागलं. सिस्टर धावत आली, यंत्राकडे पाहिलं, बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर हात ठेवून तशीच उभी राहिली. ते शांत झाल्यावर मावशींना म्हणाली, "मावशी, राग मानू नका. हा कॅमेरा इथे चालायचा नाही."

"जन्मभर मी लोकांना हलू नका म्हणत आले," मावशी मला म्हणाल्या, "आणि त्या एवढ्याशा जिवाला मीच हलवलं."

मी कपाट उघडलं.

त्या दिवशी आम्ही जशी निवड केली तशी मी आधी कधी केली नव्हती. गिऱ्हाईक विचारतं, यात काय काय आहे? मावशी विचारत होत्या, यातलं काय काय बंद करता येतं. शटरचा आवाज बंद. फोकस लागल्यावरचं 'पिप' बंद. अंधारात फोकस शोधायला पुढे लागतो तो नारिंगी दिवा, तोही बंद. "बाळाच्या डोळ्यात जाईल," त्या म्हणाल्या. कापडी पट्टा नको, कारण सिस्टर म्हणाली होती, आत नेताना प्रत्येक वस्तू औषधाने पुसावी लागेल. झूम लेन्स त्याच कारणाने बाद. ती लांब-आखूड होते, सांध्यात धूळ धरते आणि ती धड पुसता येत नाही.

दुकानामागच्या सामानाच्या खोलीत जाऊन आम्ही पडदा ओढला. एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा घातला. आत बाळाच्या जागी काय ठेवायचं? शेवटी मी माझी मूठ आत घातली. मावशींनी मुक्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. फोटो पाहिला तर माझ्या मुठीवर काळपट आडवे पट्टे.

"हे काय, झेब्रा?"

मुक्या शटरची ही खोड आहे. दिव्याचा उजेड आपल्याला स्थिर दिसतो, पण तो सतत फडफडत असतो आणि कॅमेरा ती फडफड पकडतो. उपाय एकच, शटर सावकाश चालवायचं. पण शटर सावकाश तर हात स्थिर हवा, आणि मावशींचा उजवा खांदा गेलेला. म्हणून बॉडी अशी पाहिली की जी हाताची थरथर आतल्या आत सावरून घेते. ती सोय दोन्हींत होती. मावशींनी नवी भरभक्कम बॉडी बाजूला सारली आणि आदल्या पिढीतली घेतली. "सेकंदाला ढीगभर फोटो काढून करू काय? ते बाळ कुठे पळतंय?"

लेन्सला वेळ लागला. चेहऱ्यांसाठी सगळे वाखाणतात ती लेन्स हातभर अंतराच्या अलीकडे फोकसच घेत नव्हती. छोट्या पस्तीस मिलिमीटरच्या लेन्समधून डबा दिसत होता, मूठ दिसत होती, मागची खोकीसुद्धा दिसत होती. मग मी शंभरची मॅक्रो दिली; फुलं, किडे, दागिने टिपतात ती. थोडं लांब उभं राहिलं तरी तिच्यात एक बोट भरून येतं आणि आजूबाजूचं विरघळून जातं. मावशींनी ती लावली आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही.

"ही द्या," त्या म्हणाल्या. "हिच्यात नको ते येत नाही."

दोन दिवसांनी त्या फोटो दाखवायला आल्या. सिस्टरने कापड थोडं वर केलं होतं. पेटीला लेन्स टेकवायची नाही अशी ताकीद होती, म्हणून काचेवर आपलंच प्रतिबिंब पडू नये यासाठी मावशींनी डोक्यावरून काळं कापड घेतलं होतं. बाळ झोपेतून हललंसुद्धा नाही. एका फोटोत नुसता कान होता, मऊ, कडेला अजून पुरता वळलेला नाही असा. एकात सिस्टरच्या हातमोज्यातल्या बोटाला धरलेली चार बोटं. एकात मिटलेली पापणी, आणि तिच्यावर केस नव्हेत, केसांची नुसती शंका.

"दाखवलेत?" मी विचारलं.

"दाखवले. कानाचा फोटो हातात धरून बसली. म्हणाली, 'हा कान आईचा आहे.' माझ्या बहिणीचा, म्हणजे तिच्या आईचा. मला नाही बाई दिसला तसा, पण मी हो म्हटलं."

मला वाटलं, काम झालं. पण चार दिवसांनी मावशी पुन्हा दारात. या वेळी चेहऱ्यावर थोडी रुसव्याची, थोडी कौतुकाची छटा.

"ती पोरगी मला म्हणाली, 'मावशी, बाकीचं कुठंय?' मी म्हटलं, बाकीचं काय? म्हणाली, 'कान आहे, बोटं आहेत. माझं बाळ सुटं सुटं आहे का?' मी म्हटलं, अगं, बाकी नळ्याच आहेत सगळ्या, तुला त्रास होईल म्हणून घेतल्या नाहीत. तर म्हणते, 'नळ्या त्याच्याच आहेत ना? मग मला त्या माहीत पाहिजेत. मी वर जाईन तेव्हा त्याला पाहून दचकायचं नाहीये मला.'"

मावशी काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिल्या.

"मी तिला घाबरट समजत होते, भाऊ. घाबरले होते मीच. भिंगाआड लपून बसले होते."

"पस्तीसची काढू?" मी विचारलं.

"काढा. तीच ती, जिच्यात खोकीसुद्धा दिसली होती."

त्या लेन्समधून त्यांनी जे फोटो काढले त्यांत पेटी होती, यंत्रं होती, प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते ते दिसत होतं, आणि मधोमध बाळ, जेवढं होतं तेवढंच. मोबाइलसारखं नाकाशी नेऊन काढलेलं नव्हतं, त्यामुळे डोकं डोक्याएवढं आणि पाय पायाएवढे आले होते. मावशी भाचीच्या पलंगावर बसल्या आणि सिस्टरकडून शिकून आल्या होत्या तसं एकेका नळीवर बोट ठेवून सांगत गेल्या: ही दुधाची, ही श्वासाची, ही वायर फक्त मोजायला, हिने काही दुखत नाही. भाचीने मध्येच विचारलं, "पायाला लाल दिवा कसला?" तोही त्यांनी विचारून ठेवला होता: रक्तातला ऑक्सिजन मोजणारा.

भाचीला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं तेव्हा मावशी बरोबर होत्या. कॅमेरा मुद्दाम खाली ठेवून गेल्या होत्या. मला त्यांनी एवढंच सांगितलं की ती दचकली नाही. पेटीच्या गोल खिडकीतून तिने हात घातला, बाळाच्या पाठीवर ठेवला आणि सिस्टरला म्हणाली, "श्वासाची नळी आज बदललीत का? फोटोत पट्टी वेगळी होती." सिस्टर मावशींकडे पाहत राहिली.

ते बाळ घरी गेलं. वेळ लागला, मध्ये दोनदा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण गेलं.

मावशींचं तिथलं काम मात्र थांबलं नाही. सिस्टरने एकदा विचारलं, अजून एक आई आहे खाली, उठता येत नाही, तिच्या बाळाचे काढाल का? मग आणखी एक. मग असं एक बाळ, ज्याला घरी जायचंच नव्हतं. डॉक्टरांनी आईवडिलांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनीच फोटो मागितला होता. मावशी त्या दिवशी दुकानात येऊन नुसत्या स्टुलावर बसल्या. मी चहा सांगितला. कप गार होईपर्यंत त्यांनी हातात धरला, मग म्हणाल्या, "नळ्या काढल्यावर त्या आईने त्याला मांडीवर घेतलं. मी कोपऱ्यात होते. मी आहे हे ती विसरली. तेवढंच मला चांगलं वाटलं."

लग्नाची कामं त्यांनी हळूहळू कमी केली. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलेली एक बाई होती, तिला हॉलवाल्यांची सगळी ओळख करून दिली. यजमानांची दुपारची झोप आता हॉस्पिटलच्या आवारात होते, आणि तिथे सावली चांगली आहे असं त्यांचं मत आहे.

गेल्या महिन्यात मावशी दुसरी बॉडी मागायला आल्या. पेट्यांजवळ उभं राहून लेन्स बदलणं त्यांना पटत नव्हतं. धूळ उडते, हात अडकतात आणि त्यात वेळ जातो. एका बॉडीला मॅक्रो आणि दुसरीला पस्तीस कायमची लावून ठेवायची होती. त्यांचं मॉडेल कंपनीने बंद केलं होतं. मी नवं दाखवलं, त्यात किती सुधारणा झाल्यात ते सांगितलं.

"बटणं त्याच जागी आहेत?"

"एक-दोन हलवलीत."

"मग नको. तिथे अंधारात बोट शोधत बसायला मला वेळ नसतो."

ओळखीच्या एका छायाचित्रकाराकडून मी त्यांना तेच मॉडेल वापरलेलं मिळवून दिलं, फारसं न झिजलेलं. त्यांनी ते काउंटरवर घेतलं, पट्टा सोडून माझ्याकडे सरकवला आणि आवाज, 'पिप', नारिंगी दिवा, एकेक गोष्ट बंद करत गेल्या. मी पावती करत होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, सिस्टरचा. रात्री जुळी आली होती, एक पोर दुसऱ्यापेक्षा खूपच लहान होतं, आणि त्यांच्या आईला दोघांचा एकत्र फोटो हवा होता.

"दोन पेट्या आहेत, लांब लांब," फोन ठेवून मावशी मला म्हणाल्या. "एका फोटोत कशी आणायची?"

"पेट्या सरकवता येतात का विचारा," मी म्हटलं.

"विचारते," म्हणत त्यांनी दोन्ही कॅमेरे डाव्या खांद्यावरच्या छोट्या पिशवीत घातले आणि गाडीत झोपलेल्या यजमानांना उठवायला निघाल्या.