खिशातली वाकडी यू-पिन

सर शर्टाच्या खिशातून सरळ केलेली एक यू-पिन काढायचे. तिचं टोक त्यांनी जरासं वाकवलेलं असे. मग समोर जे काही पोकळ दिसेल, माझी पाण्याची बाटली, पेनाचं टोपण, कुणाचा थर्मास, त्यात ती घालून आतल्या भिंतीवरून अलगद फिरवायचे आणि विचारायचे, "बाहेरून छान आहे गं. आतून बघितलंस का?"

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, म्हणून सांगते. अशा माणसाला हसावं की वही काढून टिपून घ्यावं, हे पहिली दोन वर्षं कळत नाही.

सिंगापूरला वन-नॉर्थच्या आमच्या प्रयोगशाळेत धातू कसा थकतो, याचा सर अभ्यास करत. मी त्यांच्या हाताखाली पोस्टडॉक. पण सरांचा जीव होता शिकारीच्या रायफलच्या काडतुसांवर, म्हणजे त्यांच्या पितळी पुंगळ्यांवर. गंमत अशी, की सर कट्टर शाकाहारी. फूड कोर्टात मटणाच्या स्टॉलसमोरून जाताना श्वास रोखून धरायचे. बंदूक त्यांनी जन्मात हातात घेतली नव्हती. शिकारी होता न्यूझीलंडमधला त्यांचा मेव्हणा. झाडलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून, नवी गोळी बसवून तो त्या वापरायचा. "हरणाचं पाप त्याचं," सर म्हणायचे, "पुंगळी माझी."

जेवणाच्या सुट्टीत आमची शिकवणी चाले. चकचकीत पुंगळीला भुलायचं नाही, पॉलिश कुणीही करतं. गळ्यापाशी निळसर डाग दिसला तर नाक मुरडायचं नाही, तिथे ती तापवून मऊ केलेली असते, म्हणून लवकर चिरत नाही. शक्यतो एकाच लॉटच्या घ्यायच्या, वजनाला सारख्या. आणि आधी किती वेळा झाडलीय ते माहीत नसेल, तर बुडाच्या जरा वर आतून तार फिरवायची. तिथे खाच लागली की पितळ पातळ झालं. मग पुढच्या बाराला पुंगळी तुटून तापलेला वायू झाडणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. एवढं सांगून सर शांतपणे दहीभात खायला लागत.

एकदा लिटल इंडियात मी, सर आणि काकू गणपतीसाठी समई घ्यायला गेलो. सरांनी समई आडवी केली, बुडाखालून यू-पिन घातली, कान लावून टिचक्या मारल्या. अकरावी समई आडवी झाल्यावर दुकानदार म्हणाला, "अंकल, बायिंग ऑर ऑपरेशन?" काकू तोवर शेजारच्या फुलवाल्याकडे जाऊन, आमची ओळखच नसल्यासारख्या उभ्या होत्या. समई घेतली ती पहिलीच.

मग मेव्हण्याने कुणाकडून तरी दोनशे वापरलेल्या पुंगळ्यांची थैली उचलली. व्हिडिओ कॉलवर एकीच्या बुडाजवळ सरांना चमकती रेघ दिसली. "सगळ्या फेकून दे," सर म्हणाले.

"भावोजी, तुम्ही बंदूक तरी धरलीय का कधी?" मेव्हण्याने विचारलं.

काकूंचा तो एकुलता एक भाऊ. सरांनी दिवाळीची पुण्याची तिकिटं रद्द केली आणि एकटे न्यूझीलंडला गेले. चार दिवस बसून दोनशेच्या दोनशे पुंगळ्यांतून तार फिरवली. एकतीसमध्ये खाच निघाली. तीस त्यांनी मेव्हण्यासमोर पकडीने चेपल्या. एक ठेवली माझ्यासाठी. "सर, एवढं ऐकलं, पण ती खाच एकदाही माझ्या हाताला लागलेली नाही," असं ते निघताना मी त्यांना चिडवलं होतं.

परतीच्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, मी चांगी विमानतळावर आहे, सामानाच्या बेल्टपाशी. माझ्या बॅगेत मोज्यात पुंगळी आहे."

परवान्याशिवाय रिकामी पुंगळीसुद्धा जवळ ठेवणं इथे गुन्हा आहे, हे सरांनीच मला सांगितलं होतं. पण जी त्यांनी स्वतः नापास केली ती त्यांच्या लेखी काडतुसाची उरलीच नव्हती, नमुना झाली होती. "वर चिठ्ठीसुद्धा लावलीय," ते म्हणाले, "'रिजेक्ट, शिकवण्यासाठी'."

"सर, कुणाला काही बोलू नका. बॅग घ्या आणि सरळ बाहेर या," मी म्हणाले.

"आणि उद्यापासून कुठल्या तोंडाने सांगू लोकांना, आतून बघा म्हणून?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, बॅग घेतली आणि स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले.

तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "अंकल, धिस वन लाइव्ह ऑर नॉट?" सरांनी त्याला पहिल्यापासून सगळं समजावलं आणि यू-पिन हातात दिली. त्याने ती फिरवली. "एह, गॉट समथिंग लाह!" सर मला हे सांगताना खूश होते. "पहिल्याच फेरीत लागली त्याला. हात चांगला आहे पोराचा." पुंगळी मात्र अधिकाऱ्यांनी ठेवून घेतली. चौकशी होईल, निकाल कळवू, म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. सरांचा इथे काम करायचा पास गेला असता तर नोकरी गेली असती, आणि मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. यू-पिन खिशातून बाहेर येईना. मी मुद्दाम नवी बाटली त्यांच्यासमोर ठेवली, तर नुसतं "चांगली आहे" म्हणाले. तेव्हा मला खरी भीती वाटली. मी काकूंकडे जाऊन रडले, माझ्यामुळे झालं म्हणून. त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे कसलं? तू नको म्हणाली असतीस तर ह्यांनी दोन आणल्या असत्या."

शेवटी पत्र आलं. लेखी ताकीद, बाकी काही नाही. सरांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे दिलं. मग रिकामं पाकीट उचललं, खिशातून यू-पिन काढली आणि पाकिटाच्या आत, तळाशी, दोन्ही कोपऱ्यांतून फिरवली. "आत काही नाही," ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की मी माझी बाटली त्यांच्या हातात दिली.

गेल्या वर्षी सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. मेव्हणा आता स्वतःच तार फिरवतो आणि शंका आली की पुण्याला फोन लावतो. सरांच्या जागी एक नवा मुलगा आलाय. परवा त्याला कागद एकत्र लावायला यू-पिन हवी होती. त्याने सरांचा खण उघडला आणि मला हाक मारली. खण यू-पिनांनी भरलेला होता, आणि एकजात सगळ्या सरळ केलेल्या, टोकाला वाकवलेल्या. कागदाला लागेल अशी एकही नव्हती. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "तपासलेल्या. सगळ्या एकाच लॉटच्या."

मी माझ्या टेबलावरची यू-पिन त्याला दिली आणि तो खण तसाच लावून घेतला.