मागं कोण बसतं?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या मसल कारला चाकांवरच्या कडक स्प्रिंगा मीच निवडून बसवल्या होत्या, वळणावर गाडी झुकू नये म्हणून. मागच्या सीटवर आई प्रत्येक दणक्याला कंबर धरून बसायची. "रस्तेच मेले असले, तू तरी काय करणार?" म्हणायची. मी मान डोलवायचो. आपल्याकडे रस्त्याला दोष दिला की पुढं कुणी काही विचारत नाही.

आज नव्या स्प्रिंगा निवडताना गॅरेजच्या मिस्त्रींनी सहज विचारलं, "साहेब, मागं कोण बसतं?"

"आई."

"मग मऊच घ्या की. वळणावर जरा हळू चला."

इतकं सोपं होतं. मऊ स्प्रिंगा उद्या बसतील. आईला मात्र मी अजून एक वाक्य देणं लागतो: रस्ता बरा होता, गाडी मीच कडक केली होती.