सुभद्रानं राणीला ओवाळलं नाही

रात्रभर वारा पडलेला. पहाटे तरी झुळूक येईल म्हणून सुभद्रानं कापसातली सरकी काढायचा रेचा अंगणात ओढून आणला. झुळूक कसली, भिंतीतली कालची धगच तेवढी बाहेर येत राहिली. अमरावतीचा वैशाख असाच. ऊन चढायच्या आत जेवढी रुई निघेल तेवढी आपली. नंतर तंतू उडून नाकातोंडात जातात, घामाला चिकटतात, आणि बाई पिठात लोळल्यासारखी दिसायला लागते.

एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं दोन लाट्यांच्या फटीत कापूस भरवायचा. पलीकडून रुई निघते, अलीकडे सरकी टपटप पडते; सरकी तेवढी घरात राहायची, म्हशीला भिजवून घालायला. हात असा चालू असला की डोकं मोकळं राहतं, हीच सुभद्राला अडचण. मोकळं डोकं रस्त्याकडे पळे. लांबून गाडीचा आवाज आला की दांडा आपोआप हळू व्हायचा.

"फिरव वं, फिरव," शेजारच्या ओट्यावरून रहिमाबी म्हणाली. तिचा नवरा अय्युब पिंजारी. सुभद्राची रुई त्याच्याकडेच पिंजायला जाई. "वो कोयलेवाले की गाडी है. तेरे कान तं सशापेक्षा मोठे झाले."

"माह्या कानाले काहून नजर लावून राह्यली?" सुभद्रा हसली, पण दांडा गाडी निघून जाईपर्यंत हळूच फिरला.

सत्तावनच्या गदराच्या साली फौजेनं वऱ्हाडातल्या गाड्या वेठीला धरल्या होत्या. सुभद्राचा नवरा चंद्रभान, त्याची गाडी अकोल्याच्या वाटेवर धरली, बैलांसकट, माणसासकट. बाकीचे गाडीवान एकेक करून परत आले. बार्शीटाकळीच्या एकानं सांगितलं, नर्मदेच्या अलीकडे दिसला होता, तापानं फणफणला होता, पण गाडी हाकत होता. त्यानंतर काही नाही. मेला म्हणून कोणी सांगेना, जिता आहे म्हणूनही सांगेना. सुभद्रा कचेरीत जाऊन उभी राहिली की कारकून म्हणे, चौकशी चालू आहे. ती चौकशी कापसाचे किती हंगाम आले नि गेले तरी चालूच होती.

सुभद्रा कुंकू लावत होती. आणि एक गोष्ट करत नव्हती. गाडी धरून नेली त्या दिवसापासून तिनं कोणालाच ओवाळलं नव्हतं. भाऊबीजेला माहेरचा भाऊ आला की त्याला जेवू घाले, पाटावर बसवून गूळ देई, पण निरांजन हातात घेत नसे. गावाहून आलेल्या माणसाला दारात ओवाळून आत घ्यायची रीत. ज्याला पहिलं ओवाळायचं तो अजून दारात आला नव्हता. हे ठाऊक होतं सासूला, भावाला आणि रहिमाबीला.

उन्हं ओट्यावर आली तेव्हा शेषराव अडत्या आला. चारपाच वर्षांमागं हा माणूस अनवाणी बाजारात फिरे. मग समुद्रापलीकडं अमेरिकेत भावाभावांची लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं विलायतेला जाऊ लागला. आता शेषरावच्या बुडाखाली घोडी होती, पायात करकर वाजणारा जोडा होता. सुभद्राच्या घरी कापूस टाकणारा तोच.

"सुभद्राबाई, गुरवारी राणीसरकारचा वाढदिवस. नव्या बाजाराच्या मैदानात साहेब येऊन राह्यला. तसबिरीवरचा पडदा साहेबाच्या हातानं उघडनार अन् घरटी एक सवाशीण तसबिरीले ओवायणार. तुहं नाव पह्यलं."

"माहं काहून पह्यलं?"

"काहून म्हंजे? तुह्या घरचा मानूस सरकारच्या कामावर गेला. हे मी साहेबाच्या कानावर घातलं. असं घर अमरावतीत कोन्तं हाये?"

सुभद्राचा दांडा थांबला. "गेला नाई शेषरावजी. नेला."

"तेच ते."

"तेच ते कसं? मी नाई येत."

शेषरावला वाटलं, बाई लाजते. मग तिच्या तोंडाकडे नीट बघितल्यावर समजलं. तो खाली वाकला, जणू समजूत घालतोय. "हे पाह्य. कपायावर कुंकू हाये ना? मंग सवाशीण हायेस. सवाशीण हायेस तं सवाशिणीच्या कामाले ये. नाई आलीस तं लोक म्हनतीन, हिलेच आपल्या कुंकवाचा भरवसा नाई." घोडीवर बसता बसता तो म्हणाला, "हिरवा खण भेटनार हाये एकेकीले."

घोडी गेली. रहिमाबी ओट्यावरून थुंकली. "खण घे अन् उसकीच मुंडी बांध त्यात."

त्या दिवशी सुभद्राचं कशात लक्ष लागेना. वरणात मीठ पडलं ते दोनदा. सासू गोदाबाई पानावर बसली, एक घास खाल्ला, पाणी प्याली आणि तेच खारट वरण संपवलं. ते सुभद्राला जास्त टोचलं. संध्याकाळी ती घागर घेऊन विहिरीवर गेली तर तिथं वेगळीच गडबड. शेषरावची बायको जमुनाबाई मधोमध उभी, आणि बायका तिच्याभोवती.

"तसबीर आमच्याच घरी आनून ठेवली ना," जमुनाबाई सांगत होती. "मी फडकं वर करून पाह्यलं. बाई वं! कायेकुट्ट कपडे. कपाय मोकयं. मी आमच्या यायले पुसलं, तं म्हने राणीचा धनी वारला, दोन-तीन वर्सं झाली."

"म्हंजे रांड्याव बाई?" एका म्हातारीनं घागर खाली ठेवली. "अन् तिले आपन हळदकुंकू लावाचं?"

"हळू बोल वं! साहेबाच्या मुंशीनं आयकलं तं!"

"आयकू दे. वाढदिवस तिचा हाये, देव तं आपले हायेत."

जमुनाबाईनं नवऱ्याचं पढवलेलं बोलून दाखवलं. "राणी म्हंजे देवीच्या जागी. देवीले कोनी रांड्याव-सवाशीण पुसते का? कुंकू लावाचंच." मग तिची नजर सुभद्राकडे गेली. "अन् तू वं? येनार ना तू? यायनं तुले पह्यली उभी केली."

"नाई येनार म्हनून सांगतलं मी त्याइले."

रहाट तेवढा कुरकुरत राहिला. जमुनाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. "हे बरं हाये. संक्रांतीचं वाण घ्याले सवाशीण, अन् सरकारच्या कामाले नाई. एक तं ओवायाले ये, नाई तं कपाय पुस. दोनी डगरीवर पाय ठेवनं चालनार नाई सुभद्रे."

सुभद्राची घागर भरली होती. ती उचलून कमरेवर घेतली, पाणी हिंदकळून लुगडं भिजलं. "राणीच्या कपायाचं कोनी काई पुसून नाई राह्यलं," ती म्हणाली. "तिचा धनी मेला ते ठावं हाये, तरी तिले कुंकू. माह्या धन्याचं कोनालेच ठावं नाई, तं माह्या कपायाचा पंचनामा. वा वं बाई!"

एकजण हसली आणि तिनं लगेच तोंडावर पदर धरला.

घरी आली तर गोदाबाई दारातच बसलेली. विहिरीवरचं बोलणं तिच्यापाशी आधीच पोचलं होतं.

"जाजो तू," गोदाबाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमाले तं ठावं हाये. माह्या हातचं ओवायणं..."

"मले ठावं हाये. मले समदं ठावं हाये." म्हातारीचा आवाज फुटला. "पन तू गेली नाईस तं उद्या ह्या गल्लीत काय होईन? तुह्या कपायावर हात घालतीन. तुहं कुंकू गेलं का माहा चंद्रभान गेला. आज कोनाच्या तोंडात नाई ना तो मेला म्हनून? तुह्या त्या टिकलीएवढ्या कुंकवानं जिता हाये तो. एक ताट फिरवाचं वं. हाताले फोड येईन का?"

सुभद्रानं कमरेवरची घागर खाली ठेवली. आजवर तिला वाटत आलं होतं की आपण दोघी एकाच माणसाची एकाच तऱ्हेनं वाट बघतो. आज समजलं, दोघींची तऱ्हा वेगळी. सासूनं त्याला कुंकवात सांभाळून ठेवला होता आणि हिनं न पेटवलेल्या निरांजनात. एक वाचवायला जावं तर दुसरं विझतं.

गुरुवार उजाडेपर्यंत ती आतल्या आत फिरत राहिली. रेच्यावर बसे, उठे, पुन्हा बसे. शेवटी पहाटे न्हाली, लुगडं नेसली, कपाळाला कुंकू लावलं. गोदाबाईनं बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. सुभद्रा एवढंच म्हणाली, "मी मैदानात जातो. मंग पाह्यतो."

मैदानात मांडव होता. खुर्चीवर साहेब लालबुंद होऊन घाम पुसत होता. पडदा उघडला आणि बंदुकांचे बार झाले. बसलेली सगळी माणसं उठली. राणीसरकारचा जय म्हणून कोणीतरी ओरडलं, मागून सगळ्यांनी री ओढली. मागच्यांना काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, ते नुसतेच ओरडले. ज्यांचा कापूस विकला गेला होता ते जास्त जोरात.

सुभद्रा रांगेत पहिली. जमुनाबाईनं तिच्या हातातल्या ताटातलं निरांजन पेटवलं. शेषराव मुंशीच्या कानाशी लागला, मुंशी साहेबाच्या कानाशी लागला, साहेबानं सुभद्राकडे बघून मान हलवली. कौतुकानं असावी.

"चाल वं म्होरं," शेषराव दातांतून बोलला.

ती दोन पावलं पुढं गेली. वर तसबीर होती. काळ्या कपड्यातली, जाड, थकलेल्या डोळ्यांची बाई. सुभद्राला तिचा राग आला नाही. तिच्या मनात आलं, हिचा माणूस मेला तेव्हा हिला कोणीतरी येऊन सांगितलं असेल.

ती खाली वाकली, पेटलेल्या निरांजनासकट ताट जमिनीवर ठेवलं, आणि बाजूला झाली.

मैदानात कुजबूज सुरू झाली. शेषराव धावला. "अवं, काय करून राह्यली? उचल, उचल ते!"

"गाडी वेठीले धरली, बैल धरले, मानूस धरला," सुभद्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पहिल्या रांगांना ऐकू गेला. "आता हात नका धरू शेषरावजी. ओवायणं वेठीले नाई देत मी."

साहेबानं मुंशीला काहीतरी विचारलं. मुंशी तिच्यापाशी आला. "क्यों नहीं करती, बाई?"

तिला वाटलं, आलं. इतकी वर्षं कचेरीच्या दारात ज्याची वाट बघितली ते विचारणारं माणूस आज समोर आलं. ती सगळं घाईनं बोलली. "साहेबाले सांगा, आमच्यात आल्या मानसाले ओवायतात. माह्या घरचं मानूस अजून आलं नाई. सरकारनं नेलं. सरकारले ठावं असन कुठं हाये ते. मले सांगा, मंग मी पाह्यजे त्याले ओवायतो."

मुंशीनं शेषरावकडे बघितलं. मग वळून हात जोडून म्हणाला, "हुजूर, औरत बीमार है. धूप लग गई."

साहेबानं दयेनं झाडाकडे बोट दाखवलं. एक शिपाई पाण्याचा लोटा घेऊन आला.

"मी बिमार नाई!" सुभद्रा म्हणाली. पण तेवढ्यात बंदुकांचा पुढचा बार झाला. जमुनाबाई लगबगीनं पुढं आली, जमिनीवरचं ताट उचललं आणि तसबिरीला ओवाळू लागली. तिच्यामागं दुसरी आली, तिच्यामागं तिसरी. मांडवातली माणसं पुन्हा जय ओरडली. सुभद्रा शिपायाच्या लोट्यातलं पाणी न पिता घरी निघाली. पायाखालची माती भाजत होती, आणि तरी तिला सावकाश चालता येत नव्हतं.

गोदाबाईला तिनं एका वाक्यात सांगितलं. गोदाबाईनं तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी शेषरावचा माणूस आला आणि न पिंजलेली रुई, उरलेला कापूस, सगळं उचलून घेऊन गेला. नवा कापूस टाकला नाही. अंगण एकदम मोठं दिसायला लागलं. सुभद्रा रेच्यापाशी बसून रिकामाच दांडा फिरवत राहिली. ते ऐकवेना तेव्हा रहिमाबीनं ओट्यावरून सांगितलं, "हमारे ये अकोल्याले जाऊन राह्यले परवा. उधर का एक बेपारी है. बोलू का?"

"बोल," सुभद्रा म्हणाली.

दुपार टळल्यावर जमुनाबाई आली, सोबत गल्लीतल्या दोघी. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. सुभद्रा आत चुलीपाशी होती. ती उठेपर्यंत गोदाबाई दारात पोचली होती.

"गोदाकाकू, आमी भांडाले नाई आलो," जमुनाबाई म्हणाली. "पन चार बायांचं म्हननं हाये. सुनेनं चारचौघात आपल्या तोंडानं सांगतलं, धनी आला नाई म्हनून. मंग आता कपाय..."

"काय आता कपाय?" गोदाबाईनं विचारलं.

"तुमाले समजते काकू."

"मले नाई समजत. तूच बोल. माहा चंद्रभान मेला म्हन. म्हन ना! माह्या दारात उभी राहून म्हन."

जमुनाबाई चपापली. सोबतच्या दोघी एक पाऊल मागं सरल्या.

"ते आमी कसं म्हनू काकू..."

"नाई म्हनता येत ना? साहेबाले नाई म्हनता येत, मुंशीले नाई, तुह्या नवऱ्याले नाई. मंग कोनत्या तोंडानं कुंकू पुसाले आली? माह्या पोराचा जीव का तुह्या घरच्या तसबिरीले बांधला हाये? चाल, हो म्होरं. उन्हात उभी नको राहू, बिमार पडशीन."

त्या गेल्या. गोदाबाई दार न लावता तिथंच बसली. सुभद्रानं पाणी आणून दिलं. म्हातारीनं ते घेतलं, पण सुनेकडे बघितलं नाही.

"आत्याबाई..."

"माह्याशी बोलू नको तू. तुह्यापायी ह्या वयात मले गल्लीत भांडा लागलं." ती पाणी प्याली. "आल्या मानसाले ओवायतात म्हनून सांगतलंस त्या मुंशीले?"

"हो."

"अन् तो काय बोलला?"

"ऊन लागलं म्हने मले."

गोदाबाईनं रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. दूर कुठंतरी गाडीचं चाक वाजलं, तशा दोघींनी माना वळवल्या; मग गाडी दुसऱ्याच वाटेनं गेली.

"म्हस ओरडून राह्यली केव्हाची," म्हातारी म्हणाली. "सरकी भिजत घातली का?"

"नाई."

"मंग काय संध्याकायी माहं डोस्कं देतं का तिले?"

सुभद्रा उठली. कोपऱ्यातल्या पोत्यातून तिनं ओंजळी-ओंजळीनं सरकी टोपल्यात काढली, पाखडून तिच्यातली माती उडवली, आणि पाण्यात टाकून हातानं खालीवर करत राहिली.