आधी हिचा नमुना घ्या

"मराठी में आप लोग कौन हुए?"

सरांच्या बायकोनं हे विचारलं तेव्हा माझ्या हातात रबडीचा डाव होता. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. जयपूरबाहेर बस्सीच्या पुढं त्यांचं फार्महाउस आहे. सरांनी प्रयोगशाळेतल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. दाल-बाटी झाली होती. रबडी वाढायला मी आपणहून पुढं झाले होते.

"बौद्ध," मी म्हणाले.

"अच्छा. वो वाले." त्यांनी डाव काढून घेतला. "तुम रहने दो."

'आप'वरून 'तुम'वर यायला बाईंना एक शब्द पुरला. मग त्यांनी तो डाव नळाखाली धुतला. माझ्यासमोर. घासून.

रबडी सरांनी स्वतः कालवली होती. पिस्ते, केशर घालून, हातानं. अंगठ्यावर गळू, त्यावर पट्टी. "नौकर का हाथ तक नहीं लगा," असं सगळ्यांना सांगत होते. कालवून नैवेद्य दाखवला आणि दुपारभर ती देवघरात कापडाखाली ठेवली. जयपूरच्या उन्हाळ्यात. हा माणूस अन्नातल्या जंतूंवर देशभर भाषणं देत फिरतो.

मी रबडी खाल्ली नाही.

परतीच्या बसमध्ये उलट्या सुरू झाल्या. आग्रा रोडवर बस पुन्हा पुन्हा थांबवावी लागली. दोघींना सलाइन लावायची वेळ आली. मी बाटल्या भरून आणल्या, पाठी चोळल्या. तेव्हा माझा हात सगळ्यांना चालला.

माझे बाबा रेल्वेत फिटर होते. अकोल्याकडून बदली होऊन इथं आले, इथंच राहिले. घरी मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, लोकांना विषबाधा झाली. आई म्हणाली, "तुले काही नाही झालं ना?"

नेमका तोच प्रश्न सोमवारी सरांनी विचारला. वेगळ्या आवाजात. सगळ्यांसमोर.

"इसे कुछ नहीं हुआ?"

उरलेली रबडी आणि एका आजारी मुलीची उलटी आधीच तपासायला आली होती. मग सौरभला म्हणाले, "नाक और हाथ का सैंपल लो. पहले इसका."

सौरभ सरांचा लाडका विद्यार्थी. त्यानं माझ्याकडं न बघता कापसाची काडी माझ्या नाकात फिरवली. एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. मग बोटांवर, नखांच्या कडांना. पंधरा-वीस माणसं उभी होती. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी भिंत. मी नाक वर करून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. ते काडीमुळं आलं असं मी स्वतःला सांगितलं.

"अब संतोष को बुलाओ," सर म्हणाले.

संतोष आमच्याकडं झाडू-पोछा करते. वाल्मीकी, म्हणजे सफाई कामगारांच्या वस्तीतली. ती हात पुसत आली, काडी बघितली, आणि काही न विचारता तोंड वर केलं. कशासाठी, एवढंही विचारलं नाही. तिला सवय होती.

तिथं मला राहवलं नाही.

"ती फार्महाउसवर आलीच नव्हती," मी म्हणाले. हिंदीत म्हणाले, पण आवाज घरातला निघाला. "तिला बोलावलंच नव्हतं तुम्ही. तिचा नमुना कशाला?"

"सावधानी के लिए. इन लोगों में सफ़ाई का…"

वाक्य पूर्ण केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मी संतोषच्या आणि काडीच्या मधे जाऊन उभी राहिले. "हिचा नाही घ्यायचा. ज्यांनी रबडीला हात लावला त्यांचा घ्या. तुमचा घ्या. नाक, हात, आणि पट्टी काढून अंगठासुद्धा. नाहीतर माझाही फेकून द्या."

सर हसले. मोठा माणूस हसतो तसं. "ले लो भाई, मेरा भी ले लो." त्यांना भीती नव्हतीच. आपल्या अंगात घाण असू शकते हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. इतकी वर्षं जंतू शिकवून.

दोन दिवसांनी माझ्या नमुन्याच्या प्लेटवर सोनेरी ठिपके उगवले. स्टॅफिलोकॉकस. सरांनी प्लेट उजेडात धरली. "देखा?"

सरांच्या प्लेटवरही तेच ठिपके होते. ती प्लेट कुणी उजेडात धरली नाही.

हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतो. नाव एक, पण स्ट्रेन, म्हणजे पोटजाती, अनेक. काही आयुष्यभर गुपचूप पडून राहतात. काहींमध्ये विष तयार करणारा जीन असतो, आणि ते विष एकदा अन्नात उतरलं की उकळूनही जात नाही. कोणता स्ट्रेन कुणाचा, हे डीएनएचं अक्षर न् अक्षर ताडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. माझं रोजचं काम हेच. जंतूची ओळख पटवायला आम्हाला एवढं मोठं मशीन लागतं. माणसाची मात्र ह्यांना आडनावावरून पटते.

ताडून बघायचं काम सरांनी मला करू दिलं नाही. सौरभला दिलं, मला फक्त अहवाल लिहायचा होता. बरंच झालं, नाहीतर मीच निकाल बदलला म्हणाले असते.

निकाल आला तेव्हा सौरभनं मला हळूच स्क्रीनजवळ बोलावलं. माझ्या नाकातला जंतू एकीकडं, एकटा, विषाचा जीन नसलेला. दुसरीकडं तीन नमुने एकमेकांना चिकटून: उरलेली रबडी, आजारी मुलीची उलटी, सरांचा अंगठा. तिन्हींत विषाचा जीन. तिन्हींत फरक जवळजवळ नाहीच.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता ते 'आप' म्हणत होते.

"देखिए, जीवाणु का वाहक होना कोई गुनाह नहीं है. ये तो विज्ञान है. बात बढ़ाने से क्या फ़ायदा? रिपोर्ट में लिख दीजिए, स्रोत अनिश्चित."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. जंतू माझा वाटत होता तेव्हा तो माझ्या वस्तीचा होता, माझ्या लोकांच्या सफाईचा होता. त्यांचा निघाल्याबरोबर त्याचं विज्ञान झालं. मला किळस आली. गळूची नाही.

"निश्चित आहे, सर," मी म्हणाले. "मी तसंच लिहिणार."

प्रयोगशाळेच्या बैठकीत मी निकाल वाचला. नावांसकट. "प्रमुखांच्या अंगठ्यावरचं गळू," हे शब्द मी दोनदा उच्चारले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाही. सौरभ वही चाळत बसला. माफी कुणी मागितली नाही, माझी नाही, संतोषची तर नाहीच. पुढच्याच आठवड्यात सर एका कार्यक्रमात हॉटेलांतल्या पोऱ्यांच्या हातांच्या स्वच्छतेवर बोलले. लोकांनी त्यांना शाल दिली.

माझं कंत्राट संपत आलंय. परवा सर म्हणाले, "काम में कोई कमी नहीं. पर आप टीम में फ़िट नहीं बैठतीं."

"कारण कागदावर द्या. सही करून," मी म्हणाले.

अजून दिलेलं नाही. आई म्हणते, दुसरीकडं बघ, विश्वकर्मा औद्योगिक भागात खासगी लॅब आहेत, कशाले त्यांच्या तोंडी लागतं. बाबा मात्र आता माझा डबा स्वतः भरतात.

मला माफी नको. शाल तर नकोच. मला तेच मशीन पाहिजे, तेच काम पाहिजे, आणि ते मी नीट करते. काढायचं तर काढा. पण का काढलं ते स्वतःच्या हातानं लिहा, खाली नाव घाला. तो कागद घेऊन पुढं कुठं तक्रार करायची ते मी ठरवलंय.

तोवर मी रोज येणार. नऊ वाजता.