रुमालाखालचा सल्ला

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या शेजारच्या चाचांनी उभ्या जन्मात कुणाचा सल्ला ऐकला असेल, तर मी माझं नाव बदलायला तयार आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर त्यांनी खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी दवाखान्याच्या पायरीवरच फोडली. दौलताबादच्या वाटेवर मोबाइलमधली बाई "डावीकडे वळा" म्हणाली, की हे हटकून उजवीकडे वळणार, वर चाचींना विचारणार, "ही बाई कधी आली होती व्हय इथं?" अशा माणसाच्या हाती विमानं कुणी दिली, याचं मला कायम नवल वाटे. कारण चाचा विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायची परवानगी देत. एकही चूक नाही. "याच खुर्चीतून रिटायर होणार," हे ते दर ईदला शिरखुर्म्याबरोबर ऐकवत.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. टॉवरमध्ये सल्ला देणारा संगणक आला, तेव्हा ही मंडळी त्याचं किती ऐकतात, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं. 'यंत्रावर विश्वास किती?' या प्रश्नापुढे चाचांनी पाचपैकी शून्य भरलं, तेही कागद फाटेल इतक्या जोरानं. संगणकाची नोंद मात्र सांगत होती, की चाचांनी त्याचा प्रत्येक सल्ला मानलाय! मी चाटच पडले. टॉवरमध्ये जाऊन पाहते, तर संगणकाच्या पडद्यावर चौकड्यांचा रुमाल. चाचा आधी आपला निर्णय कागदाच्या पट्टीवर लिहीत, मग रुमाल उचलत. यंत्राचं उत्तरही तेच असे.

"बघ बेटा," ते खुशीत म्हणाले, "मी नाय त्याचं ऐकत. तेच माझं ऐकतंय."

थोड्या वेळानं एक प्रवासी विमान आलं, ते उतरवायचं असं त्यांनी लिहिलं आणि रुमाल उचलला. यंत्र म्हणत होतं, थांबवा. आता यंत्राची धडगत नाही, असं मला वाटलं. चाचांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शिकाऊ वैमानिकाचं लहान विमान त्याच धावपट्टीवर उतरायला आलं होतं, आणि त्याला परवानगी मघाशी खुद्द चाचांनीच दिली होती. मोठ्या विमानाला त्यांनी शांत आवाजात थांबवलं. दोन्ही सुखरूप उतरली.

"ते बारकं माझ्या ध्यानातच नव्हतं," जिना उतरताना ते म्हणाले. "इसरलो मी, बेटा."

कुणी तक्रार केली नव्हती. तरी निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना चाचांनी आपणहून ती खुर्ची सोडली आणि फायलींचं काम मागून घेतलं. आम्ही सगळ्यांनी समजावलं. त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही.

हल्ली विमानाचा आवाज आला, की ते गच्चीवर येतात. विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहतात. मग मला हळूच विचारतात, "मागं अजून एक नव्हतं ना, बेटा?"