शेवटच्या खुर्चीवरचा झोपाळू

बोईसरला आमच्या चर्चची रविवारची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये भरते. तिथला शिस्तप्रमुख मी. हे पद मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. मोबाईल बंद, कुजबुज बंद, डुलक्या बंद, असे नियम मी भिंतीवर चिकटवले होते.

तो यायचा रात्रपाळी संपवून, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच. दाराशी बूट काढायचा, दिसेल त्याला हात जोडायचा, शेवटची खुर्ची धरायचा आणि पहिलं गीत संपायच्या आत घोरायला लागायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मला फक्त त्याचा गुन्हा ठाऊक होता.

एका रविवारी मी त्याला गदागदा हलवलं. "झोपायचं तर घरी झोपा!"

"खोलीत आमी सहा जण राहतो, साहेब. कंपनीत डोळा लागला तर सुपरवायझर हाकलतो. देव पण सुपरवायझरच हाय का?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत पाळक नेमके सांगत होते, की दमलेल्याला येशू विसावा देतो आणि त्यासाठी आधी लायकी सिद्ध करावी लागत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या बायकोची जरा जास्तच.

मी माफी मागायला बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसलो. तो केव्हाच झोपला होता. त्याचं डोकं अलगद माझ्या खांद्यावर कलंडलं.

आत शेवटचं गीत दणक्यात सुरू झालं, तेव्हा मी जागचा न हलता पायरीवरूनच मंडळीला दटावलं, "अहो, हळू गा!"